घोरणे, श्वास आणि मुसके

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यात रखवालदार स्टुलावर बसून घोरू लागला की पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांपासून मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांपर्यंत सगळ्यांना हसू येते. कुंभकर्णाची गोष्ट तर आपण बालपणापासून ऐकत आलो. आमच्या वेल्हे खोऱ्यात दिवसभर भातलावणी करून आलेला माणूस रात्री घोरू लागला, तर वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, "कसा ढाराढूर झोपलाय बघा." म्हणजे घोरणे ही गाढ झोपेची पावतीच! प्रस्तुत लेखात मला सांगायचे आहे ते याच्या अगदी उलट आहे. काही माणसांच्या बाबतीत घोरणे ही झोप मोडत असल्याची खूण असते. त्यावर जो उपाय आहे, तो विकत आणून फळीवर ठेवणे एक वेळ जमते, पण तोंडावर बांधून रात्र काढणे महाकठीण. ते का कठीण असते आणि कशाने सुसह्य होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. एस. वाय. बी. ए. ला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो वाचायचे काम माझ्याकडे येते. मग तो वीजबिलाचा असो, बँकेचा असो, की दवाखान्याचा. गेल्या दीड वर्षात मी सर्वांत जास्त वाचले ते एका यंत्राचे माहितीपुस्तक. ते यंत्र माझ्या वडिलांचे.

आमचे अण्णा पिकअप चालवतात. पहाटे साडेतीनला उठून वेल्हे खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करायचे आणि मार्गासनीवरून नसरापूरच्या बाजूला पोचवायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. वय पंचेचाळीस. व्यसन तंबाखूचेसुद्धा नाही. पण गेल्या तीन-चार वर्षांत ते जेवताना, कीर्तनात, एवढेच काय, बोलता बोलतासुद्धा डुलक्या घेऊ लागले. सकाळी डोके ठणकायचे. रक्तदाब वाढला. घरात सगळे म्हणायचे, कष्ट फार होतात. रात्री मी अभ्यासाला बसले की पलीकडच्या खोलीतून त्यांच्या घोरण्याचा आवाज यायचा, चढत जायचा, आणि मग एकदम बंद व्हायचा. ती शांतता मला आवाजापेक्षा जास्त टोचायची. एकदा घड्याळ लावून पाहिले तर ती चाळीस सेकंद होती. त्यानंतर पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा हुंदका, कूस बदलल्याचा आवाज, आणि पुन्हा घोरणे. आजी म्हणायची, त्याच्या उरावर काहीतरी बसतंय. पुढे एका पहाटे मार्गासनीच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरली. चिखल होता म्हणून माणूस आणि गाडी दोन्ही वाचली. अण्णा म्हणाले, "डोळा लागला कवा, त्येच कळलं न्हाय."

या आजाराचे नाव स्लीप अॅप्निया. अॅप्निया हा शब्द मूळ ग्रीक, त्याचा अर्थ श्वास नसणे. आपल्या नाकापासून छातीपर्यंत हवेची जी वाट आहे तिला बहुतेक ठिकाणी हाडाचा किंवा कूर्चेचा आधार आहे. पण जिभेच्या मागचा घशाचा थोडा भाग असा आहे की तो केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. जागेपणी हे स्नायू आपले काम चोख करतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, ज्यांच्या मानेत चरबी साठली आहे, किंवा ज्यांचा खालचा जबडा लहान व मागे आहे, त्यांच्यात ही वाट जवळजवळ मिटते. अर्धवट मिटली की हवा फडफडत जाते; तेच घोरणे. पूर्ण मिटली की छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागा करतो, घसा उघडतो, श्वास येतो, आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले यत्किंचितही आठवत नाही. मात्र झोपेचे सूत रात्रभर तुटत राहिलेले असते.

श्वास दहा सेकंद किंवा अधिक बंद पडला वा फार मंदावला की ती एक घटना धरतात. तासाला पाचपेक्षा कमी घटना असतील तर चिंता नाही. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. झोपेच्या तपासणीसाठी आम्हाला पुणे गाठावे लागले. तिथे डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून अण्णांना एक रात्र झोपवले. आकडा निघाला ४१. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एकदा माझ्या वडिलांचा श्वास अडत होता, आणि आम्ही त्याला गाढ झोप म्हणत होतो.

हा आजार लठ्ठ, श्रीमंत, शहरी माणसांचा, असा एक समज आहे. शहरात तो पुष्कळ आहे यात शंका नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मध्यमवयीन शहरी पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचा बिघाड आढळला, आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचे नाव सांगितले. त्या दिवशी पुष्कळ मराठी घरांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. परंतु खेड्यातला काटक माणूस यातून सुटतो असे मुळीच नाही. आशियाई लोकांच्या जबड्याची ठेवण अशी आहे की तुलनेने कमी वजनातही हा आजार होतो. आमचे अण्णा जाड नाहीत; मान तेवढी आखूड. स्त्रियांचे तर विचारूच नका. पुरुषाने घोरले तर कौतुक, आणि बाईने घोरले तर लाज! त्यामुळे त्यांच्या घोरण्याचा उल्लेखच होत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही हे प्रमाण वाढते. पण त्या डॉक्टरांना सांगतात ते थकवा, डोकेदुखी आणि झोप न लागणे. तेव्हा घशाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गंमत म्हणजे या आजाराचे पहिले ठसठशीत वर्णन डॉक्टरने नव्हे, तर कादंबरीकाराने केले. इंग्रजीच्या सरांनी मला ते दाखवले. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६-३७ सालच्या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो कामावर उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. पुढे १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका रोग्याची हकीकत छापली. तो पत्ते खेळताना हातात हुकमी पाने असताना डाव न टाकता झोपून गेला, आणि तेव्हा कुठे दवाखान्यात आला! डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याला डिकन्सच्या कादंबरीचेच नाव दिले. मात्र लठ्ठपणामुळे श्वासच उथळ होणे आणि घसा मिटणे या दोन गोष्टी आज वेगळ्या मानतात. घसा मिटून श्वास अडतो हे १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपलेल्या रोग्यांवर नोंदी घेऊन दाखवले. पण उपाय काय? तर गळ्याला खालून भोक पाडायचे आणि अडलेल्या जागेला वळसा घालून हवा आत घ्यायची. असा उपाय कोण आनंदाने करून घेईल?

१९८० साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे असाच एक रोगी होता. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता. सुलिव्हन यांनी धूळ ओढण्याच्या यंत्राची मोटर उलटी वापरली, म्हणजे हवा ओढण्याऐवजी फुंकायला लावली, आणि ती हवा नळीने त्याच्या नाकात सोडली. घसा आतून फुगून उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, पाच रोग्यांची हकीकत लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या काळी प्रत्येकाच्या चेहऱ्याचा साचा घेऊन मुखवटा बनवत आणि तो रोज रात्री गोंदासारख्या पदार्थाने नाकावर चिकटवत. आज या यंत्राला सीपॅप म्हणतात. पुस्तकाएवढा डबा, आत पंखा, बाहेर नळी, आणि नळीच्या टोकाला मास्क.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सीपॅप प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत ढकलते, इतकेच. हे सांगायचे कारण असे की आमच्याकडे यंत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी आळीतली माणसे अण्णांना भेटायला येऊ लागली. चहा घेऊन, हळू आवाजात, "आता कसं हाय?" असे विचारू लागली. त्यांचाही दोष नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे चुलते करोनाने गेले. घरातल्यांनी त्यांना शेवटचे पाहिले ते मोबाईलवर, आणि त्यांच्या तोंडावर असाच मास्क बांधलेला होता. अण्णांनी पहिल्या रात्री आपला मास्क हातात घेतला तेव्हा त्यांना काय आठवले असेल, ते मी त्यांना विचारले नाही.

त्यांनी मास्कला नाव ठेवले 'मुसके'. मळणीच्या बैलाने कणसाला तोंड लावू नये म्हणून बांधतात, ते. "मला मुसकं बांधून निजवताय व्हय?" पहिल्या रात्री वीस मिनिटे, दुसऱ्या रात्री तासभर, तिसऱ्या रात्री मास्क उशाखाली. चौथ्या दिवसापासून यंत्र फळीवर. आईचे म्हणणे वेगळे. यंत्रासाठी आम्ही एक दुभती म्हैस विकली होती. "म्हस गेली आनि डबा आला," असे ती दिवसातून दोनदा म्हणायची. यंत्र विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, सवय होईल. सवय होईल हे खरे. पण कशाची सवय व्हायची हे त्याने सांगितले नाही, आणि चेहरा न मोजता हाती येईल तो मास्क दिला होता हेही त्याने सांगितले नाही. तेव्हा मी माहितीपुस्तक घेऊन बसले, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढले. एकेका अडचणीमागे एकेक साधे कारण निघत गेले.

अण्णांची पहिली तक्रार, "श्वास सोडता येत न्हाय." ही जवळजवळ प्रत्येक नव्या रोग्याची तक्रार असते. यंत्राचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. यंत्रे साधारण ४ ते २० सेंटिमीटरपर्यंत दाब देतात. अण्णांना ११ सांगितला होता. हे ११ म्हणजे किती, ते समजायला प्रयोगशाळा नको. परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला, कळशीत पाणी भरले, आणि देठ अर्धी वीत पाण्यात बुडवून अण्णांना फुंकायला सांगितले. बुडबुडे यायला जेवढा जोर लागला तेवढाच दाब! वाचकहो, आपणही करून पाहा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याइतका असतो. त्यापुढे हा जेमतेम शंभरावा हिस्सा. पण एरवी श्वास सोडायला आपल्याला काहीच करावे लागत नाही, छाती आपोआप खाली बसते. इथे मात्र समोरून येणाऱ्या हवेवर श्वास सोडायचा असतो. चालत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यावर होते तसे. अण्णा कितीतरी वेळ फुंकत बसले. मग म्हणाले, "एवढंच हाय व्हय?" त्यांचे पुष्कळसे भय त्या कळशीत गेले असे माझे मत आहे.

शिवाय यंत्रात यावर तोड असते. झोपताना दाब ४ वर ठेवून पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू वाढवण्याची सोय असते. तिला रॅम्प म्हणतात. श्वास सोडतेवेळी दाब दोन-तीन सेंटिमीटरने उतरवणारी दुसरी एक सोय असते. आमच्या यंत्रात या दोन्ही सोयी होत्या आणि दोन्ही बंद होत्या! डॉक्टरांनी त्या सुरू करून दिल्या. दाबाचा मुख्य आकडा मात्र घरच्या घरी कोणी बदलू नये. तो तपासणीवरून ठरलेला असतो. उलट कधी कधी दाब कमी पडल्यामुळेच गुदमरते. विशेषतः ४ वर सुरुवात झाली की काहींना हवा पुरत नाही. अशा वेळी सुरुवातीचा आकडा थोडा वाढवून देतात. म्हणजे 'गुदमरते' या एकाच शब्दामागे दोन उलट कारणे असू शकतात. म्हणून नुसते 'गुदमरते' असे न सांगता आत घेताना की सोडताना, झोपायच्या वेळी की मध्यरात्री, हे सांगावे.

दुसरी अडचण हवा गळण्याची. मास्कच्या कडेने हवा फुस्सकन डोळ्यांत जायची. साहजिकच आई पट्टे आवळायची. पट्टे आवळले की नाकाच्या दांड्यावर वळ उठायचा आणि हवा आणखी गळायची. याचे कारण असे की मास्कची कड ही पोकळ गादी असते. हवेने ती फुगून चेहऱ्यावर बसावी अशी तिची रचना आहे. आवळून तिला चुरगळले तर ती बसणार कशी? मास्क बसवायचा तो उभ्याने आरशासमोर नव्हे, तर अंथरुणावर आडवे होऊन, यंत्र सुरू करून. कारण आडवे झाल्यावर गालांची ठेवण बदलते. पट्ट्यात दोन बोटे जावीत इतकी ढील असावी. आमच्या बाबतीत आणखी एक भानगड होती, ती म्हणजे अण्णांची मिशी. भरघोस मिशीच्या केसांतून हवा वाट काढते. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. मिशी कमी करा, किंवा नाकपुड्यांत टेकणारा छोटा मास्क घ्या, तो मिशीच्या वर बसतो. अण्णांनी विचारायलाही वेळ घेतला नाही. मिशी राहिली, मास्क बदलला, आणि तो आधीच्यापेक्षा हलका असल्यामुळे तोंड बांधल्यासारखे वाटणेही कमी झाले.

गळतीबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मास्कला पुढे बारीक भोके असतात आणि त्यांतून सतत हवा सूं सूं करीत जाते. ती गळती नव्हे. आपण सोडलेला श्वास, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, बाहेर जाण्याची ती वाट आहे. आमच्या आत्या चिकटपट्टी घेऊन ती भोके बुजवायला निघाल्या होत्या, चांगल्या हेतूने! ती बुजवली तर माणूस आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेत राहील. ज्यांच्या घरी हे यंत्र असेल त्यांनी घरातल्या सर्वांना, लहान मुलांनाही, हे सांगून ठेवावे.

तिसरी अडचण नाकाची. पहाटेची थंडी, वैरणीची धूळ, यांमुळे अण्णांचे नाक आधीच चोंदलेले. त्यात रात्रभर कोरडी हवा. नाक चोंदले की तोंड उघडते. तोंड उघडले की नाकातून आलेली हवा तोंडावाटे निघून जाते. यंत्र ती भर काढायला आणखी हवा सोडते. त्याने नाक आणखी सुकते, सुजते आणि आणखी चोंदते. या चक्रात सापडलेला माणूस सकाळी उठतो तो घशाला कोरड आणि कपाळाला आठ्या घेऊन. यावर उपाय म्हणजे नाकाचे औषध आणि यंत्राला जोडायचे कोमट पाण्याचे भांडे, ज्यातून हवा ओलसर होऊन जाते. त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालायचे असते. अण्णा चालक माणूस. ते म्हणाले, बॅटरीचं पाणी तेच की. तेच असले तरी ते बॅटरीत ओतण्यासाठी बनवलेले असते, हुंगण्यासाठी नव्हे. औषधाच्या दुकानातून आणणे बरे. ज्यांचे तोंड काही केल्या मिटत नाही त्यांच्यासाठी हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असतो. काहींच्या पोटात हवा जाऊन पोट फुगते, ढेकरा येतात. तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर दाबाची मांडणी बदलून पाहता येते.

आणि ज्याला कोंडल्याची भीती वाटते त्याने काय करावे? दिवसा सवय करावी. अण्णा आठवडाभर दुपारी मास्क लावून ओसरीवर बसत. आधी नुसता मास्क, मग नळी लावून, मग यंत्र सुरू करून. शेजारची पोरे हत्ती हत्ती म्हणून ओरडत. अण्णाही हसत. आपल्या हाताने तो क्षणात काढता येतो, ही खात्री पटली की निम्मी भीती जाते.

आमच्या भागातली अडचण कोणत्याही माहितीपुस्तकात नव्हती. ती म्हणजे वीज. भोरला बरे, पण तोरण्याच्या पायथ्याकडे पावसाळ्यात झाड पडले की दोन-दोन रात्री अंधार. वीज गेली की यंत्र बंद. नाकपुड्यांचा मास्क असेल तर तोंडाने श्वास घेता येतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला अशा वेळी आपोआप उघडणारी झडप असते. तरी मास्क काढून ठेवणेच योग्य. गाडीच्या बॅटरीवर चालवायचे म्हटले तर त्या यंत्राचाच खास जोड लागतो, आणि तेव्हा पाणी तापवण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती वीज फार खाते. अशा रात्री अण्णा कुशीवर झोपतात. पाठीवर झोपले की जीभ मागे पडते, म्हणून आईने त्यांच्या जुन्या बंडीला पाठीच्या मधोमध खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला आहे. हा उपाय आमच्या आईचा नव्हे, तो जगभर माहीत आहे. मात्र तीव्र आजारात एकट्याने तो पुरत नाही.

स्वस्त पडते म्हणून जुने यंत्र घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातून अशी लाखो यंत्रे परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याचा धोका होता. तेव्हा जुने यंत्र घेण्याआधी त्याचा क्रमांक तपासून घ्यावा.

या उपचाराची भलावण करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता अशा २,७०० च्या आसपास रोग्यांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलेही रोगी होते. सीपॅपमुळे पुढचे हृदयविकाराचे झटके वा मृत्यू कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. घोरणे, दिवसाची झोप आणि मनाची मरगळ मात्र कमी झाली. तथापि त्या रोग्यांनी मास्क सरासरी किती वेळ लावला होता? रात्री अवघा ३.३ तास. डॉक्टर पुरेसा वापर म्हणतात तो किमान चार तास, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. म्हणजे यंत्राने काम केले नाही की यंत्र तोंडावर राहिलेच नाही, हा प्रश्न शिल्लक राहतो. माझ्यापुरते म्हणाल तर दिवसाची झोप कमी झाली हेच पुष्कळ आहे. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या हातून वाहनाचा अपघात होण्याचा संभव इतरांच्या सुमारे दोन-अडीच पट असतो, आणि माझे वडील रोज अंधारात गाडी चालवतात. रात्रीच्या एस. टी. त, दुधाच्या टेम्पोत, उसाच्या ट्रकात चाकामागे बसलेल्या किती माणसांच्या घरी ती चाळीस सेकंदांची शांतता रोज ऐकू येत असेल, कोण जाणे.

यंत्राच्या पडद्यावर रोज सकाळी दोन आकडे येतात. किती तास लावले, आणि तासाला किती वेळा श्वास अडला. मी ते कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी लिहिते. पहिल्या महिन्यात तासांच्या जागी शून्ये फार आहेत. गेल्या महिन्यात बहुतेक रात्री पाचाच्या वर तास आहेत. त्याहून जास्त होणार नाहीत, कारण साडेतीनला दूध वाट पाहत असते. दुसरा आकडा ४१ वरून ३ वर आला आहे. अण्णा अजूनही त्याला मुसकेच म्हणतात. मास्कची गादी आता पिवळी पडून कडक झाली आहे, ती पावसाळ्याच्या आत बदलायची आहे. इन्व्हर्टरचे मात्र भात विकल्यावर बघू, असे ते म्हणाले आहेत.